चौदा नंबरच्या घराची चावी

जळगाव
९ ऑगस्ट २०२४

प्रिय अक्का,

नमस्कार. तू सांगितलंस की फोनवर पाठवलेले माझे आवाजी मेसेज तू यापुढे ऐकणार नाहीस, कारण मी त्यात नुसता ओरडतो. "कागदावर लिही, पाकीट शोधेपर्यंत राग निम्मा होईल," म्हणालीस. घे मग. पाकिटासाठी अख्खं पिंप्राळं फिरलो. एक दुकानदार म्हणाला, "लग्नाचं देऊ का?" तिथेच राग दुप्पट झाला.

अभिमन नानांचा निरोप तूच आणलास, म्हणून तुलाच विचारतो. मुलाच्या नावावर घर हवं म्हणजे काय? आमचं घर काय रस्त्यावर आहे? दोन खोल्या, वर पत्रे, पण आबांनी एसटीच्या वर्कशॉपात हात काळे करून बांधलेलं आहे. आबांचं ते माझंच ना? का नानांना भूमिकाचं लग्न माझ्याशी लावायचंय की सातबाऱ्याशी? आणि नाना समाजाच्या वधू-वर मेळाव्यात माईक धरून काय म्हणतात, "मुलगा पाहा, माडी पाहू नका." थू.

कॉलेज अर्धवट सोडलं यावर बोलले असतील तर सांग. लपवू नकोस. शेतात ड्रिपच्या नळ्या अंथरतो उन्हातान्हात, चोरी नाही करत.

अक्का, मला दुसरी कुणी नको. तुझ्या मागच्या गल्लीत ती राहते म्हणून मी तुझ्याकडे इतक्या वेळा आलो, हे तुला एव्हाना कळलंच असेल. ती माझ्याशी आजवर दोनदाच बोललीय, पण तेवढं पुरे आहे. पहिल्यांदा मी तिच्या ओट्यासमोर उभा होतो, तर म्हणाली, "आता जा की घरी, किती वेळ उभा राहशील?" आणि हसली. अरे-तुरे केलं, अक्का. परक्याला कोण अरे-तुरे करतं?

नानांना विचार, त्यांना नक्की कसलं घर हवंय. लवकर लिही.

तुझा
कुंदन

*

देवपूर, धुळे
१७ ऑगस्ट २०२४

चि. कुंदन,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक खास तुझ्या डोक्यासाठी.

नाना तुझ्या कॉलेजबद्दल काही बोलले नाहीत. "मुलगा तापट आहे, पण कष्टाळू आहे," एवढंच म्हणाले. घराचं मात्र त्यांनी धरून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, पत्र्याचं घर आबांच्या नावावर, उद्या तू वेगळा झालास तर मुलगी कुठे जाईल? तसं पाहिलं तर मुलीच्या बापाचं चुकत नाही.

यावर तुझ्या भाऊजींनी एक मार्ग सुचवलाय. मेघछाया म्हणून एक कंपनी आहे. चोपड्याच्या पुढे घाट चढून गेलं की सातपुड्यात त्यांचं रिसॉर्ट आहे. तिथली छोटी छोटी घरं ते विकतात. घर तुझ्या नावावर रजिस्टर होतं. मग कंपनी तेच घर तुझ्याकडून नऊ वर्षं भाड्यानं घेते, त्याला लीजबॅक म्हणतात. दरमहा भाडं तुझ्या खात्यात येणार आणि वर्षातले काही दिवस तू तिथे फुकट राहायचं. आबांचे निवृत्तीचे पैसे बँकेत पडून आहेत, त्यात बसतं. नानांनाही विचारलं, ते म्हणाले असं काही असेल तर आमची ना नाही.

मी हिशेबात कच्ची, तू भाऊजींशीच बोल. ते हल्ली याच कामात आहेत. नवी स्कूटर घेतलीय त्यांनी, आता मला शाळेत सोडतात. पाऊस बरा आहे. आबांना साखर कमी दे.

तुझी
दीपमाला

*

जळगाव
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय अक्का,

झालं! घर झालं! चौदा नंबर!

काल हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये कार्यक्रम होता. चहात केशर होतं आणि समोसे बोटाएवढे. कोट घातलेला एक माणूस पडद्यावर धुकं दाखवत होता. धुक्यात घर, घरासमोर झुला, झुल्यावर एक बाई पुस्तक वाचतेय. मला तर ती पाठमोरी भूमिकाच वाटली. डाळ मिलवाले आले होते, सराफ आले होते, सगळ्यांच्या मनगटावर वजनदार घड्याळं. शेजारचा एक मला म्हणाला, "तुम्ही ड्रायव्हर का कुणाचे?" मी उठलोच होतो, आबांनी शर्ट धरून खाली बसवलं.

आबांनी मात्र सगळ्यांसमोर हात वर केला आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "साहेब, घर आमनं. तुमी तेच आमनाकडथून भाड्यानं लेनार. मंग आमी कोठे ऱ्हावानं?"

हॉल हसला. कोटवाला पण हसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही आता मालक! मालकानं राहायचं नसतं, कमवायचं असतं." टाळ्या पडल्या. मला इतकी लाज वाटली आबांची. तू असतीस तर तुलाही वाटली असती.

नंतर आबांच्या हातात मखमली डबी दिली, आत पितळेची मोठी चावी. फोटो काढला. आबांनी घरी आल्यावर ती आईच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली आणि हात जोडले. 

नानांना सांग, मुलाच्या नावावर घर झालं. भूमिकालाही कळू दे. तिच्या फोनवर तिच्या बापाची नजर असते, नाहीतर मीच कळवलं असतं.

तुझा, आणि चौदा नंबरचा मालक,
कुंदन

*

देवपूर, धुळे
५ नोव्हेंबर २०२४

चि. कुंदन,

दिवाळीत तू आलास आणि रुसून गेलास. फराळाचा डबा तसाच राहिला, आबांचं तरी भान ठेवायचंस.

नाना सुपारी फोडायचं पुढे ढकलताहेत यात माझा काय दोष? आधी म्हणाले पितृपक्ष आहे, मग दिवाळी होऊ द्या. आता म्हणतात पत्रिका एका चांगल्या माणसाला दाखवायचीय. मुलीचं लग्न आहे, वेळ लागतो. भूमिका बरी आहे. कॉम्प्युटरच्या क्लासला शिकवायला जाते, येताना कधी थांबते, तुझा विषय निघाला तर हसते.

तू म्हणालास की नानांकडच्यांना घर दाखवायला नेतो. माझं ऐक, थंडीत नको नेऊ. घाट आहे, रस्ता वाईट आहे. उन्हाळ्यात ने, एप्रिल-मेमध्ये. भाऊजींचंही तेच म्हणणं आहे.

दीपमाला

*

जळगाव
१२ डिसेंबर २०२४

अक्का,

उन्हाळ्यात कोण डोंगरावर जातं? तेव्हा तिथे धुकं नसतं आणि बाजारात भरिताची वांगीही नसतात. तुम्ही नवरा-बायको मिळून मला लटकवून ठेवताय असं मला आता वाटायला लागलंय.

मी ठरवलंय. येत्या २२ तारखेला, रविवारी, चौदा नंबरवर भरीत-पार्टी. घराची वास्तुशांत झाली नाही, निदान भरीत तरी होऊ दे. बामणोदची वांगी सांगून ठेवलीत. भाजायला गेल्या वर्षीच्या वाळलेल्या कपाशीच्या काड्या मित्राच्या शेतातून टेम्पो भरून आणतोय, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्याच्या घरात मी पाऊल ठेवत नाही. ठेचायला आईची लाकडी बडगी घेतोय. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी शेजारच्या खातूनआपा करून देताहेत. दोस्त आकिब टेम्पो चालवेल, तोही म्हणाला, "भो, तुझी हवेली पाहिल्याशिवाय मरणार नाही."

मुलीकडचे घर पाहायला येतात ही आपली रीत आहे. मग पाहू द्या की. नानांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "बघतो, तब्येत कशी राहते." तू भूमिकाला घेऊन ये. येशीलच.

दोन महिने भाडं आलं, नंतरचं आलं नाही. कंपनीवाला म्हणतो पडद्यांच्या धुलाईत वळतं झालं. आपल्याच घराचे पडदे एवढे कोण मळवतं, तेही त्या दिवशी पाहून घेतो.

कुंदन

*

जळगाव
२४ डिसेंबर २०२४

अक्का,

तू आली नाहीस. नाना आले नाहीत, त्यांचं पोट बिघडलं म्हणे. कुणीच कसं आलं नाही याचं मला गेटवर पोचेपर्यंत वाईट वाटत होतं. आता कळलं का आला नाहीत.

सगळं लिहितो. वाच. एक ओळ सुद्धा गाळायची नाही.

आम्ही दुपारी पोचलो. मी, आबा, आकिब, गल्लीतली चार माणसं, मागे काड्यांनी भरलेला टेम्पो. गेटवर वॉचमन. "बुकिंग?" मी म्हणालो, "बुकिंग कसलं? चौदा नंबरचा मालक आहे मी." आबांनी मखमली डबी उघडून चावी दाखवली. वॉचमननं चावीकडे पाहिलं आणि आबांकडे पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तो हळूच म्हणाला, "बाबा, इथली दारं कार्डावर उघडतात. चावी लावायला दाराला भोकच नाही."

मॅनेजर आला. टाय लावलेला, माझ्याच वयाचा. म्हणाला, "सर, ओनर-डेज फक्त एप्रिल-मे आणि भर पावसाळ्यात असतात, तेही साठ दिवस आधी कळवून. हा आमचा सीझन आहे. करारात आहे, सर." मी म्हणालो घर माझं आहे. तो म्हणाला, "नक्कीच, सर, घर तुमचंच. फक्त नऊ वर्षं वापर आमचा." बाहेरचं जेवण आत नेता येणार नाही. जाळ करता येणार नाही. आणि काड्यांचा टेम्पो गेटसमोरून हलवा, पाहुण्यांना तो दिसायला बरा वाटत नाही.

मी आत घुसलो. भाकऱ्यांची परात माझ्या हातातच होती. चौदा नंबर सापडला. धुकं नव्हतंच. झुला मात्र होता, त्यावर सुरतचं एक कुटुंब बसलं होतं, खाखरे खात होतं. त्यातल्या लहान मुलीनं माझ्या हातातली परात पाहिली आणि आईला ओरडून सांगितलं, "मम्मी, रूम सर्व्हिस आली!" त्या बाईनं मला दहाची नोट काढून दिली.

अक्का, माझ्या घराच्या ओट्यावर मला दहा रुपये मिळाले. नऊ वर्षांत तेवढंच हातात पडेल असं वाटतं.

मी मॅनेजरची टाय धरली. मारलं नाही, शपथ. पण आबा मागून आले आणि माझा हात सोडवला. त्यांच्या डोळ्यात पाणी वगैरे काही नव्हतं. ते म्हणाले, "पोरना नाववर घर शे नि पोरगा गेटबाहेर शे. बठ्ठं उलटंच शे. चाल."

पण खरी घाण पुढे आहे.

गेटबाहेर लिंबाखाली आणखी एक कुटुंब बसलं होतं. एक मुलगा, त्याचे आई-वडील, एक आत्या. आईच्या मांडीवर तसलीच मखमली डबी. मी म्हटलं चला, आपल्यासारखंच कुणीतरी. मुलाचं नाव नवल, पाचोऱ्याचा, बियाण्याचं दुकान आहे. त्यांचा पंधरा नंबर.

मी विचारलं, "तुम्ही कशाला घेतलं भो हे लफडं?"

"लग्नासाठी. मुलीकडच्यांची अट होती, मुलाच्या नावावर घर पाहिजे."

"माझंपण तसंच," मी म्हणालो. "कुठली मुलगी?"

"धुळ्याची. देवपूर."

"माझीपण देवपूरचीच."

तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही, बघ. मी हसून म्हणालो, "मग आपण साडू होऊ की!" तोही हसला. मग त्याची आत्या म्हणाली, "तिचे वडील फार सज्जन. कंपनीपण त्यांनीच सुचवली. मेळाव्यात माईक धरतात ना, ते अभिमन नाना."

मी नवलची कॉलर धरली. त्यानं माझी धरली. कशासाठी ते दोघांनाही सांगता आलं नसतं. आकिब मध्ये पडला, ओरडला, "अरे, तुम्हाला विकणारा धुळ्यात बसलाय आणि तुम्ही एकमेकांची बटणं तोडताय!"

मॅनेजर जाळीच्या पलीकडून बघत होता. म्हणाला, "ओह, नानांची पार्टी का तुम्ही? शिरपूरचे एक प्रेमराज म्हणून आहेत, सोळा नंबर, ते मागच्या महिन्यात येऊन असंच ओरडून गेले." आणि माझ्याकडे बघून काय म्हणाला माहीत आहे? "तुमचं तर जितेंद्र सरांच्या थ्रू झालं ना? नाना आणि सर, दोघं आमचे टॉप आहेत."

जितेंद्र सर. तुझा नवरा. आपले भाऊजी.

चौदा, पंधरा, सोळा. भूमिकाला पाहायला आलेले तीन मुलगे एका रांगेत. एक भूमिका दाखवून तीन घरं विकली. घराच्या अटीवर लग्न नव्हतं गं, लग्नाच्या अटीवर घर होतं. आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाप मुलीची काळजी करतोय. सासरा म्हणून मी त्या माणसाच्या पाया पडलो होतो दिवाळीत. परवापासून हात धुतोय.

आम्ही वांगी तिथेच रस्त्याच्या कडेला भाजली. काड्या पेटवल्या. धूर सरळ त्यांच्या रिसेप्शनमध्ये गेला, तेवढं एक समाधान. आबांनी बडगीत भरीत ठेचलं आणि नवलच्या आई-वडिलांना आधी वाढलं. खाता खाता नवलनं मला विचारलं, "तुझ्याशी ती बोलली होती का कधी?"

"दोनदा," मी म्हणालो.

"माझ्याशी तीनदा," तो म्हणाला.

आणि अक्का, इतकं सगळं होऊनसुद्धा मी त्याची ती तिसरी वेळ मोजत बसलो. माझीच मला शिसारी आली.

दोनच गोष्टी विचारायच्यात. ती स्कूटर कसली होती? आणि भूमिकाला हे माहीत होतं का? पहिलीचं उत्तर मला कळलंय. दुसरीचं दे.

कुंदन

*

देवपूर, धुळे
५ जानेवारी २०२५

कुंदन,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं. मग यांच्यासमोर पोळ्यांच्या ताटात ठेवलं. त्यांनी वाचलं, आणि म्हणाले, "धंद्यात असं असतंच. मी काय आबांचा हात धरून सही करवली?" मी ताट उचलून आत नेलं. तेव्हापासून ते स्वतःचं स्वतः शिजवून खातात. भात रोज करपतो.

मला काय माहीत होतं ते सांगते. कमिशन मिळतं हे मला माहीत होतं. थंडीत तिथे मालकाला घेत नाहीत, हे मला ऑक्टोबरात कळलं, म्हणून तुला थंडीत नको म्हटलं. खरं सांगायचं धाडस झालं नाही, घाटाचं आणि रस्त्याचं निमित्त पुढे केलं. नाना त्यात आहेत हे मात्र माहीत नव्हतं. मी समजत होते की अट खरीच बापाच्या काळजीची आहे आणि यांनी फक्त घर सुचवलं. आबांसमोर उभी राहायला मला अजून जमलेलं नाही. तू रागाव, पण त्यांना माझ्याविरुद्ध काही सांगू नकोस असंही मी म्हणणार नाही. सांग.

स्कूटर विकून टाकावी असं आधी वाटलं. मग वाटलं, ते पैसे तरी कुठल्या हातानं घ्यायचे? गेल्या सोमवारी सकाळी ती ढकलत नेली आणि अभिमन नानांच्या दारात लावली. चावी त्यांच्या ओट्यावर ठेवली. ते दात घासत होते. "काय हो, वहिनी?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या वाटणीतली चुकून आमच्याकडे आली होती." आता शाळेत पायी जाते.

भूमिका दारात उभी होती. त्याच संध्याकाळी आमच्या गच्चीवर आली. मी तुझं पत्र तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. ऑगस्टातलं आणि सप्टेंबरातलंही दाखवलं. ती मध्ये एकदाच हसली. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तिनं आज सकाळी दिलेला कागद सोबत घालते आहे. मी तो उघडलेला नाही.

दीपमाला

*

धुळे
५ जानेवारी

कुंदन यांस,

मला माहीत नव्हतं. हे आधी लिहिते, कारण तुम्ही बाकीचं नंतरच वाचाल.

पाहुणे येत होते, मी पोहे करत होते. पाहुणे गेल्यावर नाना खुशीत असत. मला वाटायचं, मुलगी पसंत पडतेय म्हणून. "पुढचं काय?" असं विचारलं की म्हणायचे, बोलणी चालू आहेत. बोलणी खरंच चालू होती. अक्कांनी पत्र वाचून दाखवलं त्या रात्रीच त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "हे सगळं तुझ्याच लग्नासाठी जमवत होतो ना."  मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि नवलच्या वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन जे आमच्या घरात ऐकलं, पाहिलं, ते सांगून आले. नाना आता माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात मात्र माझ्याच हातचं, आणि मीठ कमी झालं तर ताट सरकवून ठेवतात.

आता तुमचं. तुमचाही मला राग आहे. माझ्या बापानं मला दाखवून घर विकलं, हे खरं. पण तुम्ही तिघांनी ते घेतलं, तेव्हा एकानं तरी मला विचारलं का, की तुला त्या डोंगरावर झुल्यात बसून पुस्तक वाचायचंय का? मला उंचावर चक्कर येते. नानांनी सांगितलेली किंमत तुम्ही मोजलीत आणि मला वाटतं तुम्हाला ती परवडली याचा आनंदच झाला. तुमच्या आबांनी हॉलमध्ये एकच शहाणा प्रश्न विचारला आणि तुम्हाला त्यांची लाज वाटली. ते वाचून मला तुमची लाज वाटली.

आणि ते दोन वेळा बोलणं. पहिल्यांदा मी तुमच्याशी बोलले नव्हते. तुमच्या मागे आमच्या गल्लीतलं कुत्रं उभं होतं, त्याला म्हणाले होते, "आता जा की घरी." दुसऱ्यांदा तुमच्याशीच बोलले. तुम्ही अक्कांच्या ओट्यावर शेवभाजी खात होतात आणि घामाघूम झाला होतात, तर मी पाणी हवंय का विचारलं. तुम्ही नाही म्हणालात आणि मग ठसका लागला. ते मला लक्षात आहे. नवलशी तीनदा बोलले, कारण त्यांनी तीनदा पोहे मागितले.

मुलीकडच्यांनी घर पाहायचं असतं. नाना आले नाहीत, आता मी येते. डोंगरावरचं नाही. पत्र्याचं. माझी मैत्रीण पुनम सोबत असेल. १९ तारखेला रविवार आहे. नापसंत पडलं तर तोंडावर नाही सांगेन. लगेच गल्लीभर सांगत फिरू नका.

भूमिका

*

जळगाव
२१ जानेवारी २०२५

अक्का,

ती आली होती.

आधी तुझ्याबद्दल. तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं, सगळं. ते पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, "तिले सांग, पायी चालू नको, टाच दुखस तिनी. बसना पास काढ म्हना." मी अजून रागावलेलो आहे. पण मला निरोप पोचवायला सांगितलाय, म्हणून पोचवतोय. भाऊजींना मात्र इथे पाठवू नकोस. माझा स्वतःवर भरवसा नाही.

शिरपूरचा प्रेमराज, नवल आणि मी, तिघं मिळून वकिलाकडे जातोय. वकील म्हणतो करार मोठ्या हुशारीनं केलाय, वर्षं जातील. प्रत्येक वेळी त्याच्या ऑफिसात बसून ते 'मालक' 'मालक' ऐकलं की मी उठून बाहेर जातो. असो.

रविवारी ती पुनमबरोबर रिक्षातून उतरली. मी सकाळपासून झाडत होतो. शेजारी खातूनआपांनी गॅलरीतून ओरडून सांगितलं, "कुंदन, अब बस कर, फर्शी घिस जाएगी!" म्हणजे गल्लीभर मी सांगितलं नव्हतं, पण गल्लीला डोळे आहेत.

तिनं घर पाहिलं. खरंच पाहिलं, अक्का. नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. पत्र्याला वर हात लावून किती तापतो ते पाहिलं. मागचं दार उघडून बंद केलं, ते घासतं, म्हणाली रंधा मारायला हवा. आईच्या फोटोसमोर थांबली. खाली खिळ्याला ती पितळेची चावी अजून आहे. तिनं विचारलं, "आबा, ही कशाची?"

आबा बडगीत भरीत ठेचत होते. मान वर न करता म्हणाले, "कशानीच नही."

ती हसली. आबा पण हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिनं ती चावी काढली, पाहिली आणि पाटावर लसणाची पाकळी ठेवून चावीच्या जाड टोकानं ठेचली. "बघा, उपयोग आहे," म्हणाली. आबांनी तो लसूण भरितात घातला.

जेवताना तिनं मला एकच विचारलं, कॉलेज का सोडलंत? मी म्हणालो, सर सगळ्या वर्गासमोर आबांच्या कामावरून काहीतरी बोलले, मी खुर्ची फेकली आणि निघून आलो. ती म्हणाली, "ज्यांच्यासाठी खुर्ची फेकलीत, त्यांचीच नंतर हॉलमध्ये लाज वाटली?" मी आबांना भरीत वाढलं. आबा ताटाकडे बघत जेवत राहिले. त्यांना ऐकू आलं होतं, मला माहीत आहे.

निघताना मी रिक्षापर्यंत गेलो. बोलायचं बरंच ठरवलं होतं, निघालं फक्त एवढंच, "पसंत पडलं?"

ती रिक्षात बसली, ओढणी आवरली आणि म्हणाली, "घर पसंत आहे. मुलगा अजून पाहायचाय. पुढच्या रविवारी घरी थांबशील ना?"

अक्का, मी मागे वळून पाहिलं. मागे कुत्रं नव्हतं.

कुंदन